कोंबडीवरचा आळ

कुशाबाई हसली की पवना नदीच्या पल्याड गुरं चारणारे मान वर करून बघतात, असं पिंपळे गुरवात म्हणत. त्यात गावानं थोडी भर घातली असेल, गाव म्हटलं की भर आलीच. पण हसणं मात्र खरोखर तसं होतं. नवी नवरी म्हणून ती या घरात आली तेव्हा सासूनं "बाईमाणसानं दात दाखवू नयेत" म्हणून तिला पुष्कळ दटावलं. सून काही बदलली नाही, वर्षभरात सासूच हसायला लागली. नवरा सावळाराम मुळात मुखदुर्बळ. दिवसाकाठी त्याच्या तोंडून चार शब्द निघाले तर नशीब. पण त्यातल्या तिसऱ्या शब्दालाच ही हसायची, म्हणून तो चौथा बोलायचा.

अशी बाई त्या वर्षी उन्हाळा लागेपर्यंत हसायची बंद झाली. हसू आलं की पाठोपाठ खोकला यायचा, आणि खोकला आला की हसू कुठच्या कुठे पळून जायचं.

सुरुवात झाली ती पौषातल्या एका पहाटे. सून इंद्रायणी पहिल्या बाळंतपणाला तळवड्याला माहेरी गेली होती. मुलगा ज्योतीराम पिंपरीच्या माळावर नव्यानं उभ्या राहिलेल्या औषधाच्या कारखान्यात पहिल्या पाळीला निघाला होता. तेवढ्यात कुशाबाईला झोपेतच असा ठसका लागला की श्वास कोंडला, डोळे पांढरे व्हायची वेळ आली. सावळारामानं पाठीत चांगले धपाटे घातले. पाणी पोटात गेलं, जीव थाऱ्यावर आला, तशी ती म्हणाली, "इंद्रीनं आठवण काढली आसंल. माझ्या हातचं कोरड्यास आठवलं आसंल पोरीला."

उजाडल्यावर अंथरुणं आवरताना तिचा हात सहज नाकाकडे गेला. नाकात चमकी नव्हती. ती चमकी तिच्या आईची. बारीकशी, अस्सल सोन्याची, नाकपुडीच्या आतून फिरकी फिरवून घट्ट बसवायची. कुशाबाईनं घर डोक्यावर घेतलं. गोधडी अंगणात नेऊन झटकली तशी चमकी टपकन खाली पडली, पण फिरकी काही दिसेना. आणि नेमकी तिथंच त्यांची तांबडी कोंबडी माती टोचत उभी होती. कुशाबाईनं कोंबडीकडे पाहिलं. कोंबडीनं मान वाकडी करून कुशाबाईकडे पाहिलं. खटला तिथल्या तिथं निकालात निघाला.

"गिळली! मेलीनं सोनं गिळलं!"

तांबडीला डालग्याखाली कोंडलं आणि वर पाट्याचा दगड ठेवला. रोज सकाळी डालगं जरा उचलून कुशाबाई कोंबडीची शीट काडीनं उकरून बघायची. इतकं मन लावून तिनं कधी तांदूळही निवडले नसतील. सावळारामाला त्या मुक्या जिवाची दया यायची.

"सोड की आता तिला," तो म्हणायचा.

"मुद्देमाल हाती लागंस्तवर सुटका न्हाई."

मुद्देमाल काही मिळेना. कोंबडी मात्र तुरुंगात मजेत होती. आयते दाणे, आयतं पाणी. तिनं आतल्या आत अंडी घालायला सुरुवात केली. "बघा, अंडी देती गुमान," कुशाबाई चिडून म्हणायची, "अन् सोनं तेवढं दाबून बसली!" बिनफिरकीची चमकी तिनं चोळीच्या गाठीत बांधून ठेवली. नवी फिरकी करून घे म्हटलं तर ऐकेना. घरात फिरकी असताना दुसरी कशाला करायची?

इकडे तो पहाटेचा ठसका गेला, पण जाताना खोकला मागे ठेवून गेला. अडुळशाचा काढा झाला, सुंठ झाली, हळदीचं दूध झालं. शेजारच्या अंबुबाईनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. खोकला हलायचं नाव घेईना. मधूनच बारीक ताप यायचा. उजव्या कुशीवर निजलं की छातीत शीळ घातल्यासारखा आवाज यायचा. ज्योतीराम औषधाच्या कारखान्यात, आणि त्याचीच आई खोकतेय, यावर गावात बोलणं झालं नसतं तर नवल. "दिव्याखाली अंधार," असं अंबुबाई म्हणाली, आणि ते बरोबरच होतं. तिला वाटायचं, ज्योतीरामानं संध्याकाळी येताना चार गोळ्या खिशात घालून आणल्या की काम झालं.

मग तळवड्याहून सांगावा आला. मुलगा झाला होता. कुशाबाईनं साखर वाटली, आणि त्याच दिवशी साखर घ्यायला आलेल्या एका म्हातारीनं तिचा खोकला ऐकून तो शब्द उच्चारला. हळूच उच्चारला, पण कुशाबाईनं ऐकला. क्षय.

हा शब्द तिला नवा नव्हता. तिची थोरली जाऊ गवराबाई त्यानंच गेली होती. गोठ्याच्या कडेला वेगळी खाट, वेगळी थाळी, वेगळा तांब्या. गवराबाईच्या लहानग्या पोरीला तिच्याजवळ जाऊ देत नसत. ती पोर लांबून "आई" म्हणायची आणि गवराबाई पदर तोंडावर घेऊन तिकडे तोंड फिरवायची. कुशाबाईला बाकी सगळं विसरता आलं होतं, ते तोंड फिरवणं विसरता आलं नव्हतं.

त्या दिवसापासून तिनं आपली थाळी आणि आपला तांब्या कोनाड्यात निराळा ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तिनंच केलं. बारशाला तळवड्याला गेली, पण पाळणा होता त्या घरात पाऊल टाकलं नाही. अंगणातच उभी राहिली, तोंडाला पदर लावून. आतून बायकांची गाणी आली, नाव ठेवलं सयाजी. इंद्रायणी पोराला दाराशी घेऊन आली. "आत्याबाई, घ्या की," म्हणाली. कुशाबाई दोन पावलं मागे सरकली.

"नको गं. मला खोकला हाय. लांबूनच दिसतोय. नाक माझ्या आईचं हाय."

नाक तिच्या आईचं होतं की नाही कोण जाणे, तेवढ्या अंतरावरून फक्त झबलं दिसत होतं. इंद्रायणी बाळाला घेऊन सासरी यायची वेळ झाली, तेव्हा कुशाबाईनंच निरोप धाडला, पुढच्या महिन्यात या. पुढचा महिना आला, तेव्हा परत तोच निरोप. घरात पाळणा टांगलेला आणि पाळण्यात कुणी नाही, हे ज्योतीरामाला बघवत नव्हतं. त्यानं कारखान्याच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी कुशाबाईला बोलावून छातीला नळी लावली, थुंकी तपासायला घेतली. थुंकीत काही सापडलं नाही, पण उजव्या बाजूचा आवाज त्यांना आवडला नाही. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात छातीचा फोटो काढून या, असं त्यांनी सांगितलं.

कुशाबाईचा आजवर एकही फोटो निघाला नव्हता. जायच्या दिवशी ती सावळारामासमोर येऊन उभी राहिली तेव्हा तो बघतच राहिला. हिरवं नऊवारी लुगडं, गळ्यात ठुशी, त्याखाली बोरमाळ, पुतळ्यांची माळ, कपाळाला ठसठशीत कुंकू.

"अगं, ह्यो आतला फोटू असतो. हाडांचा," सावळाराम म्हणाला.

"ठावं हाय मला. पर फोटू तो फोटू. आत काय अन् भाईर काय, मोकळ्या गळ्यानं काढून घिऊ? लोक म्हंतील, सावळारामाच्या घरी काय न्हाई."

हाडांचा फोटो बघायला लोक कशाला येतील, हे विचारायचं सावळारामाच्या ओठांवर आलं होतं. पण त्या दिवसाचे त्याचे शब्द संपत आले होते.

दवाखान्यातल्या फोटो काढणाऱ्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "सिस्टर," त्यानं हाक मारली, "हे सगळं उतरवा." नर्सबाईनं ठुशी काढली, बोरमाळ काढली, पुतळ्या काढल्या. मंगळसूत्राला हात लावला तशी कुशाबाई गरजली.

"धनी भाईर बाकावर जित्ता बसलाय माझा!"

दवाखान्यात रोज असल्या बायका येत असणार, कारण नर्सबाई जराही डगमगली नाही. तिनं मंगळसूत्र कुशाबाईच्या मनगटाला गुंडाळून दिलं. अंगावर आहे ते आहे, फक्त जागा बदलली, म्हणाली. हे कुशाबाईला पटलं. मग थंडगार पत्र्याला छाती टेकवून उभं राहायचं होतं. "श्वास घ्या, धरून ठेवा," फोटोवाला म्हणाला. तिनं श्वास घेतला, धरला, आणि खोकली. परत घेतला, परत खोकली. मग एकदाचा धरला गेला.

थोड्या वेळानं फोटोवाला ओली फिल्म चिमट्यात धरून बाहेर आला. "बाई, अंगावर काहीतरी राहिलंय. दोन ठिपके दिसतायत, पांढरे."

नर्सबाईनं शोधाशोध केली, आणि चोळीच्या गाठीतून ती चमकी निघाली. "हा बघा, सापडला चोर," नर्सबाई हसून म्हणाली आणि चमकी टेबलावर ठेवली. पुन्हा पत्रा, पुन्हा श्वास, पुन्हा खोकला. फोटोवाला पुन्हा आत गेला आणि पुन्हा बाहेर आला. या खेपेला तो वैतागला होता.

"एक गेला. एक आहेच. अहो बाई, काय लपवलंय ते काढा की."

"आता काय कातडं काढून ठिवू?" कुशाबाई म्हणाली.

नर्सबाईनं तिला आडोशाला नेऊन डोक्यातल्या आकड्यापासून तपासलं आणि शपथेवर सांगितलं, अंगावर काही नाही. तसा फोटोवाला गप्प झाला. त्यानं कुशाबाईला बाजूला वळवून उभं करून कुशीचा एक फोटो घेतला आणि सगळ्या फिल्मा डॉक्टरांकडे घेऊन गेला. टेबलावरची चमकीही नर्सबाईनं उचलून नेली.

त्याचं ते गप्प होणं कुशाबाईला कळलं. ठिपका बाहेर नाही, म्हणजे आत आहे. छातीत डाग आहे. ती बाहेर येऊन सावळारामाशेजारी बाकावर बसली. उतरवलेले दागिने तिनं रुमालात घेतले होते, ते त्याच्या हातात दिले.

"ही बोरमाळ इंद्रीला. अन् पुतळ्या सयाजीच्या बायकूला ठिवा."

"कोनच्या सयाजीच्या?" सावळारामाला आधी कळलंच नाही. मग कळलं. तीन-चार महिन्यांच्या पोराची बायको. त्यानं ते गाठोडं हातात धरलं, त्याची गाठ सोडली आणि परत घट्ट बांधली. तिला वाटलं, आपण काहीतरी हसण्यासारखं बोलावं.

"म्या एकदा तरी त्याला मांडीवर घ्यायला हवा व्हता," एवढंच ती म्हणाली.

आतून बोलावणं आलं. डॉक्टर वाळकेसे, जाड भिंगाचा चष्मा, चेहरा असा की हसायला पैसे पडत असावेत. समोरच्या उजेडाच्या काचेवर फिल्म लावलेली, आणि त्यांच्या तळहातावर कुशाबाईची चमकी.

"ही तुमची?"

"व्हय. आईची माझ्या."

"हिची फिरकी कुठं आहे?"

माणूस मरायला टेकलंय आणि याला फिरकीची पडलीय, असं कुशाबाईच्या मनात आलं. पण मोठ्या माणसानं विचारलं तर खरं सांगावं.

"कोंबडीनं खाल्ली."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "कधी?"

"पौषात."

"आणि खोकला कधीपासून?"

"पौषातच. एके दिवशी पहाटं ठसका लागला. त्याच दिशी सकाळी कोंबडीनं..." कुशाबाई बोलता बोलता थांबली. तिनं सावळारामाकडे पाहिलं. सावळाराम काचेवरच्या फिल्मकडे बघत होता, तोंड उघडं टाकून.

"इकडे या," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचा आवाज आता बदलला होता. "या तुमच्या बरगड्या. या दोन मोठ्या काळ्या जागा दिसतात, ती फुप्फुसं. हवा भरलेली असते म्हणून काळी. क्षयाचा डाग असला ना, तर तो ढगासारखा असतो, कडा पुसट. आणि हे बघा. कसं रेखीव आहे. हाडांपेक्षाही पांढरं. इतकं पांढरं फक्त धातूचं दिसतं. पहिल्यांदा मलाही वाटलं, अंगावरचंच काहीतरी असेल. पण कुशीच्या फोटोतही ते छातीच्या आतच आहे. रात्री फिरकी सैल झाली, झोपेत निसटली, श्वासाबरोबर थेट आत गेली आणि उजव्या श्वासनळीत जाऊन बसली. तिच्या खालच्या भागाला हवा नीट मिळत नाही, तिथं थोडं धुरकट झालंय. म्हणून ताप, म्हणून ती शीळ."

कुशाबाई काचेजवळ गेली. अगदी नाक लावून बघितलं. बारकी, गोल, मधोमध भोक. आईनं तिच्या लग्नात स्वतःच्या हातानं फिरवून बसवलेली.

"म्हंजी... क्षय न्हाई?"

"क्षय नाही."

"डाग न्हाई?"

"डाग नाही. सोनं आहे."

"काखेत कळसा अन् गावाला वळसा," सावळाराम पुटपुटला.

"काखंत कुठला, छातीत!" कुशाबाई म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. लगेच खोकला आला. ती हसत होती आणि खोकत होती, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, त्यातलं हसण्याचं किती, खोकल्याचं किती आणि रडण्याचं किती ते तिलाही सांगता आलं नसतं. नर्सबाई भिंतीला टेकून हसत होती. फोटोवाला दारातून डोकावत होता. आणि डॉक्टर, ज्यांना हसायला पैसे पडत असावेत, ते रुमालानं डोळे पुसत म्हणत होते, "कोंबडीनं खाल्ली! पौषात!"

फिरकी काढायला कुशाबाईला तिथंच ठेवून घेतलं. घशातून एक दिव्याची नळी आत घालायची आणि लांब चिमट्यानं फिरकी उचलायची, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. भूल देण्याआधी घाबरू नका म्हणाले. "म्या कशापायी घाबरू," ती म्हणाली, "तुमीच जपून धरा. चिमट्यातनं पडली तर परत आतच जायाची, अन् सोनं हाय ते." शुद्धीवर आली तेव्हा उशाशी औषधाची एक छोटी बाटली होती, आणि बाटलीत ती फिरकी. घसा खवखवत होता. तिनं भीत भीत लांब श्वास घेतला. तो खालपर्यंत गेला, आणि खोकला आला नाही. तिनं परत घेतला. मग नुसती श्वासच घेत पडून राहिली.

छातीतला धुरकटपणा निवळेपर्यंत सुया घ्याव्या लागल्या. मग ती घरी आली. घरी आल्यावर चूळही न भरता पहिल्यांदा डालग्याकडे गेली. सावळाराम मागोमाग आला.

"चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस," तो म्हणाला.

"चोर माझ्यातच दडून बसला व्हता, म्या तरी काय करू," म्हणत तिनं दगड बाजूला केला आणि डालगं उचललं. तांबडी बाहेर आली, पंख झटकले, कुशाबाईनं पुढे केलेली मूठभर ज्वारी मोठ्या मनानं टिपली, आणि पोट भरल्यावर सरळ परत जाऊन डालग्याच्या जागी बसली. निर्दोष सुटलेला कैदी तुरुंग सोडायला तयार नव्हता.

दुसऱ्या दिवशी ज्योतीराम तळवड्याला गेला आणि बैलगाडीतून बायको-पोराला घेऊन आला. अंबुबाई भाकरतुकडा घेऊन दारात आधीच उभी होती. कुशाबाईनं इंद्रायणीच्या पायांवर पाणी घातलं, बाळावरून तुकडा ओवाळून टाकला. नाकात चमकी होती, फिरकीसकट. इंद्रायणीनं पोराला पुढे केलं. कुशाबाईनं हात पसरले, आणि सवयीनं तिचा एक हात मागे येऊन तोंडाला पदर लावून बसला. घ्यायचं तर होतं, पण पाय मागे सरकत होता. तिच्या डोळ्यांसमोर गवराबाई उभी राहिली असावी.

इंद्रायणीनं बाळ डाव्या हातावर घेतलं आणि उजव्या हातानं सासूच्या तोंडावरचा पदर खाली ओढला.

"आत्याबाई, तोंड दिसू द्या त्याला. तुमी कशा हाय ते त्यानं अजून बघितलंच न्हाई."

मग तिनं बाळ सासूच्या हातात दिलं.

कुशाबाई ओसरीवर मांडी घालून बसली. सयाजीनं तिच्याकडे पाहिलं, चमकीकडे पाहिलं, चमकी जास्त आवडली. हात वर केला, नाकापर्यंत पोचला नाही, कंटाळला, आणि आजीच्या मांडीवरच झोपून गेला. किती ऊन होतं त्याचं अंग. कुशाबाई हलली नाही. अंबुबाई चहा घेऊन आली, पण चहा घ्यायला हात मोकळा करावा लागला असता, म्हणून तोही निवू दिला.

तेवढ्यात तांबडी अंगणातून तुरूतुरू चालत आली. ओसरीशी थांबली. मान वाकडी करून कुशाबाईच्या नाकाकडे बघत राहिली, पार टक लावून.

सावळाराम खांबाला टेकून बसला होता. तो म्हणाला, "बघती हाय. मुद्देमाल मिळाला का म्हनून."

कुशाबाईच्या पोटात हसू उसळलं. पोर जागं होईल म्हणून तिनं ओठ गच्च मिटले. इतके महिने ती खोकल्याच्या धाकानं हसू दाबत आली होती, आज पहिल्यांदाच दुसऱ्याच्या झोपेसाठी दाबत होती. तिचे खांदे हलायला लागले. मांडी हलायला लागली. इंद्रायणीनं पाहिलं आणि ती पदरात तोंड खुपसून फिसकन हसली. मग मात्र कुशाबाईचा इलाज चालेना. ती हसली. पूर्वीसारखी, पोटापासून, सगळा श्वास लावून. हसू संपल्यावर सगळे क्षणभर वाट बघत राहिले. खोकला आला नाही.

सयाजी दचकून जागा झाला. ओठ वाकडे केले, आता रडणार असं वाटलं, मग त्यानं वर त्या मोठ्या हसऱ्या तोंडाकडे पाहिलं आणि बोळकं पसरून तोही हसला. पवनेच्या पल्याड कुणीतरी गुरं पाण्यावर आणली होती. त्यानं मान वर करून पिंपळे गुरवाकडे पाहिलं.